भिंद्रनवाले मारला गेला, मग ऑपरेशन ब्लू स्टार यशस्वी का म्हणत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की सशस्त्र शीख अतिरेक्यांचा नेता भिंद्रनवाले ठार झाला, अमृतसरचं सुवर्णमंदिर सशस्त्र लोकांच्या ताब्यातून सुटलं, तरी ब्लू स्टारला यशस्वी म्हणायला लोक का कचरतात. माझं मत स्पष्ट सांगतो: जून १९८४ मधली ती लष्करी कारवाई फसली. आणि तिचा दोष मी तिथे लढलेल्या जवानांना देत नाही.

लष्कराला सांगितलेलं काम होतं सशस्त्र माणसांना आवारातून बाहेर काढणं, तेही मंदिराचं आणि भाविकांचं कमीत कमी नुकसान करून. हरमंदिर साहिबच्या, म्हणजे मुख्य मंदिराच्या, दिशेने गोळी झाडायची नाही असा हुकूम होता. सरोवराभोवतीच्या परिक्रमेच्या उघड्या संगमरवरावर मशीनगनचा मारा झेलत पुढे सरकताना हा हुकूम पाळायचा म्हणजे काय, याची कल्पना करून बघा. समोरची मोर्चेबांधणी शाबेगसिंगने केली होती. तो लष्करातूनच बाहेर पडलेला मेजर जनरल, १९७१ मध्ये बांगलादेशासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण दिलेला माणूस. आवारातलं अकाल तख्त हे शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ, त्याचा त्याने किल्ला केला होता. ५ जूनच्या रात्री हल्ला सुरू झाला, जवान पडत गेले, एक चिलखती गाडी रॉकेटने निकामी झाली, आणि शेवटी विजयंत रणगाड्यांच्या तोफा अकाल तख्तावर डागल्या गेल्या. माझ्या मते मूळ उद्दिष्ट त्याच क्षणी हातचं गेलं. आवारातल्या शीख रेफरन्स लायब्ररीतली हस्तलिखितंही त्याच दिवसांत जळाली.

भाविकांचं काय झालं, हा तर त्याहून अवघड प्रश्न. ३ जूनला गुरू अर्जनदेवांचा शहीदी दिवस होता. त्यासाठी आलेली माणसं संचारबंदीत आतच अडकली. सरकारच्या श्वेतपत्रिकेत ८३ जवान मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे, आणि आवारातल्या इतर मृतांचा आकडा ४९३ दिला आहे. इतर अंदाज याहून बरेच मोठे आहेत. पण मला त्या ४९३ मध्येच जास्त खटकतं ते हे, की त्यात नागरिक आणि दहशतवादी एकाच रकान्यात घातले आहेत. माथा टेकायला आलेला किती आणि बंदूक घेऊन बसलेला किती, हे कारवाई करणाऱ्यांनाच सांगता येत नसेल, तर यश मोजायचं तरी कशावर?

मी अशी कारवाई एकाच कसोटीवर बघतो: तिने बंदूकवाल्यांना भाविकांपासून तोडलं, की भाविकांना त्यांच्या बाजूला ढकललं? ब्लू स्टारने दुसरी गोष्ट केली. भिंद्रनवालेशी काडीचा संबंध नसलेल्या शिखांनाही हा आपल्या धर्मावरचा हल्ला वाटला. रामगढच्या शीख रेजिमेंटल सेंटरमध्ये बंड झालं, तिथले ब्रिगेडियर मारले गेले. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि मग दिल्लीत, सरकारी आकड्यांनुसार, २७३३ शिखांची कत्तल. (त्या कत्तलीला ब्लू स्टारचा परिणाम म्हणून मोकळं होता येत नाही, ती करणाऱ्यांचा तो स्वतंत्र गुन्हा आहे.) आम्हा पुणेकरांच्या दारातही ते आलं. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल अरुण वैद्य, दोन वेळा महावीरचक्र मिळवलेले, निवृत्त होऊन इथे राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यातच त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सरकारने घाईने दुरुस्त करून घेतलेलं अकाल तख्तसुद्धा शिखांनी स्वीकारलं नाही. ते पाडून कारसेवेने, म्हणजे भाविकांच्या श्रमदानाने, पुन्हा उभं केलं.

आता कोणी म्हणेल, दुसरा मार्ग कुठे होता? मे १९८८ चं ऑपरेशन ब्लॅक थंडर बघा. जागा तीच. पोलीस उपमहानिरीक्षक (डीआयजी) सरबदीपसिंग विर्क यांच्या जबड्यात गोळी लागली तिथून प्रकरण पेटलं. हे विर्क महाराष्ट्र केडरचे, पुढे आपल्या राज्याचे पोलीस महासंचालक झाले. या वेळी पंजाबचे पोलीसप्रमुख के. पी. एस. गिल आणि एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाने वेढा घातला, वीज-पाणी तोडलं, नेमबाज बसवले आणि वाट बघितली. पत्रकारांना हाकललं नाही, उलट बघू दिलं. दहाएक दिवसांत दीडशेहून जास्त अतिरेकी हात वर करून बाहेर आले आणि ते सगळ्या देशाने पाहिलं. नंतर आवारात छळ करून मारलेल्यांची प्रेतं सापडली, तेव्हा त्या लोकांची उरलीसुरली पुण्याईही संपली.

१९८४ मध्ये समोर शाबेगसिंग होता, शस्त्रं जास्त होती, हे मान्य. पण तो किल्ला एका रात्रीत उभा राहिला नव्हता. २५ एप्रिल १९८३ ला डीआयजी अवतारसिंग अटवाल दर्शन घेऊन बाहेर पडत असताना मंदिराच्या दाराशीच मारले गेले. त्यांचं प्रेत तासन्‌तास तिथेच पडून होतं आणि पोलीस आत गेले नाहीत. स्वतः शीख असलेल्या, प्रसाद घेऊन निघालेल्या अधिकाऱ्याच्या हत्येने सामान्य शीखही हादरला होता. त्या दिवशी पोलीस आत गेले असते तर लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले असते असं मला मनापासून वाटतं. सरकार त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ थांबलं, आणि मग रणगाडे घेऊन गेलं.

ब्लॅक थंडरलाही मी पूर्ण यश म्हणणार नाही. पंजाबातल्या हत्या त्याने थांबल्या नाहीत, १९९० आणि १९९१ ही तर सर्वांत रक्तरंजित वर्षं ठरली. पण सुवर्णमंदिराचा किल्ला पुन्हा कोणाला करता आला नाही.