दोन अँटिबायोटिक एकत्र दिली की रेझिस्टंट जंतू मरतात का?

मरतात, पण जोडी जुळली तरच. आपल्याकडच्या आयसीयूंना छळणारं एनडीएम घ्या, म्हणजे काही रेझिस्टंट जंतू बनवतात ते एन्झाइम. ते मेरोपेनेम हे अँटिबायोटिक फोडून टाकतं, ॲझट्रिओनॅम या दुसऱ्या अँटिबायोटिकचं मात्र त्याला काही करता येत नाही. गोची अशी, की त्याच जंतूकडे बहुधा आणखी एन्झाइम्स असतात आणि ती ॲझट्रिओनॅमचा फडशा पाडतात. म्हणून ॲझट्रिओनॅमसोबत सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे जोड-औषध देतात. त्यातलं सेफ्टाझिडिम एनडीएमपुढे निकामीच. खरं काम ॲव्हिबॅक्टमचं, ते त्या इतर एन्झाइम्सना जखडून ठेवतं. ॲझट्रिओनॅम आणि हे जोड-औषध शिरेतून एकाच वेळी सोडतात, नाहीतर जोडीचा जोर कमी पडतो.

उलट ॲसिनेटोबॅक्टर या जंतूसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकला मेरोपेनेम जोडून पाहिलं, तर चाचण्यांत मृत्यू काही घटले नाहीत. (मेडिकलवाल्याने सर्दीला दिलेली 'कॉम्बो' गोळी यात धरू नका.)