अ‍ॅस्टेरिस्क बसवताना : वाचकांचे प्रश्न

साध्या संगणकाचं टेलिफोन एक्सचेंज करणारं अ‍ॅस्टेरिस्क मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये लिहायला घेतलं. ते लिनक्सवर बसवताना आलेल्या अडचणींबद्दलची ही पत्रं.

प्रश्न : डेबियन १२ या लिनक्सवर अ‍ॅस्टेरिस्कचं पॅकेजच सापडत नाही. माझं काय चुकतंय?

काहीच नाही. डेबियन १२ मध्ये ते पॅकेज घेतलेलंच नाही. सोर्स (मूळ कोड) उतरवून घ्या. आवृत्ती २२ घ्या, ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी आहे. 'कॉन्ट्रिब' फोल्डरातल्या 'स्क्रिप्ट्स'मध्ये 'इन्स्टॉल प्रीरेक' ही स्क्रिप्ट आहे, ती आधी चालवा. लागणारी पॅकेजेस ती स्वतः आणते. मग कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल या कमांड क्रमाने द्या. 'मेक सॅम्पल्स' मात्र कोऱ्या मशीनवरच चालवा, कारण चालू कॉन्फिग फायलींच्या जागी ते नमुन्याच्या फायली ठेवतं.

प्रश्न : जुन्या सर्व्हरची सिप डॉट कॉन्फ (फोनच्या सेटिंगची फाइल) नव्यावर आणली, पण एकही फोन रजिस्टर होत नाही.

ती फाइल वाचणारं 'चॅन सिप' मॉड्यूल आवृत्ती २१ पासून काढून टाकलंय. आता त्याच्या जागी 'पीजेसिप' मॉड्यूल. सोर्ससोबत रूपांतराची स्क्रिप्ट मिळते, पण तिने काढून दिलेली फाइल ओळ न् ओळ वाचल्याशिवाय वापरू नका.

प्रश्न : सर्व्हर ऑफिसात, राउटरच्या मागे आहे. घरून काम करणाऱ्याचा फोन लागतो, पण त्याचं बोलणं आम्हाला ऐकू येत नाही.

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात, आणि बिचाऱ्या हेडफोनवर संशय घेत बसतात. कॉल जुळवणं सिप या प्रोटोकॉलचं काम, साधारणपणे पोर्ट ५०६० वर. आवाज जातो आरटीपीने, वेगळ्या वाटेने. तुमचा सर्व्हर घरच्या फोनला 'आवाज इकडे पाठव' म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारा आतला पत्ता देत असणार. बाहेरून त्या पत्त्यावर पोचणार कसं?

खात्री करून घ्या. अ‍ॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर पीजेसिपचा लॉगर चालू करा आणि सर्व्हरच्या उत्तरात 'सी' अक्षराने सुरू होणारी ओळ बघा. तिथे आतला पत्ता दिसला, तर पीजेसिप डॉट कॉन्फ फायलीच्या ट्रान्सपोर्ट भागात एक्स्टर्नल मीडिया आणि एक्स्टर्नल सिग्नलिंग अ‍ॅड्रेस म्हणून बाहेरचा पत्ता भरा आणि लोकल नेटमध्ये आतलं नेटवर्क. एंडपॉइंटला (म्हणजे त्या फोनच्या नोंदीत) आरटीपी सिमेट्रिक, फोर्स आरपोर्ट आणि रीराइट कॉन्टॅक्ट 'येस' ठेवा, डायरेक्ट मीडिया 'नो'. राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या संदेशांत राउटरने स्वतः फेरफार करण्याची सोय) बंद करा. आरटीपी डॉट कॉन्फमध्ये जी पोर्ट असतील (नमुन्याच्या फायलीत १०००० ते २००००), ती यूडीपीवर सर्व्हरकडे वळवा. एवढं करून नुसतं रीलोड दिलंत तर ट्रान्सपोर्टमधला बदल लागू होत नाही. अ‍ॅस्टेरिस्क पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा.

प्रश्न : लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न दिसतात. घाबरायचं का?

घाबरू नका, पण आजच हात लावा. एक्स्टेन्शन १०१ आणि पासवर्डही १०१, असा एक फोन सापडला की तुमच्या लाइनवरून रातोरात परदेशी कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. पासवर्ड लांब ठेवा, फेल टू बॅन (वारंवार चुकीचं लॉगिन करणारे पत्ते अडवणारा प्रोग्राम) बसवा, लागत नसेल तर डायलप्लॅनमध्ये (कोणता नंबर कसा लावायचा त्या नियमांत) आयएसडी बंद करा. फायरवॉलमध्ये ट्रंक (बाहेरची फोन लाइन) देणाऱ्या कंपनीच्याच पत्त्यांना आत येऊ द्या. घरून काम करणाऱ्यांना वायरगार्डने (एक व्हीपीएन, म्हणजे खासगी जोडणी) आत घ्या. मग त्यांच्यासाठी वरची पोर्ट उघडावीच लागत नाहीत. फक्त वायरगार्डचं नेटवर्कही लोकल नेटमध्ये लिहा, नाहीतर आवाज पुन्हा हरवेल.