मेडिकल मालिका पाहून नर्सिंगच्या अभ्यासात खरंच फायदा होतो का?

बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहात, ‘हाउस’ आणि ‘ईआर’ या अमेरिकी मालिका पाहता आणि यातून काही शिकता येईल का, असं विचारलंय. मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. माझं उत्तर: पाहा, पण कुठलीही कृती त्यातून शिकू नका.

सीपीआरचंच घ्या, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं. मॉनिटरवर सरळ रेषा आली की मालिकेत लगेच शॉक देतात. प्रत्यक्षात या सरळ रेषेला, म्हणजे असिस्टोलमध्ये, शॉक देतच नाहीत. छाती दाबत राहायची, अ‍ॅड्रिनलिन द्यायचं आणि कारण शोधायचं. शॉक असतो तो व्हीएफ (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची नुसती थरथर) आणि नाडी न लागणाऱ्या व्हीटीसाठी (त्याच कप्प्यांचे अतिवेगाने पडणारे ठोके). शिवाय जिवंत नटाची छाती ५ सेंटिमीटर दाबता येत नाही, म्हणून दाबणारा नट कोपर वाकवून नुसता हलतो. स्किल लॅबमध्ये मॅनिकिनसमोर (सरावाच्या पुतळ्यासमोर) पहिल्यांदा बसलेल्या मुली हुबेहूब तसंच करतात. हात सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर, मिनिटाला १०० ते १२० दाब हे त्यांच्या अंगवळणी पाडायला वेळ लागतो.

निकालाचंही तेच. १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘ईआर’सह ३ अमेरिकी कार्यक्रमांची पाहणी छापून आली होती. त्यांत सीपीआर दिलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्ण तेवढ्यापुरते तरी वाचत होते. वॉर्डात असं होत नाही. आपलंच काही चुकलं, असं समजून नव्या सिस्टर रडतात, ते मला बघवत नाही.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. ‘हाउस’मध्ये रक्त डॉक्टरच काढतात, औषध तेच देतात, एमआरआयही तेच करतात. सिस्टर मागून ट्रे घेऊन जाते. रात्री अडीचला पेशंटचे श्वास मिनिटाला १८ वरून २८ झाले, युरोबॅगमध्ये (लघवीच्या पिशवीत) तासाभरात जेमतेम १५ मिली जमलंय, हे आधी कुणाच्या लक्षात येतं? डॉक्टरांचा राउंड तर सकाळी असतो. चार्ट भरणारी, कूस बदलणारी, हँडओव्हर देणारी बाई पडद्यावर दिसतच नाही, आणि पहिल्या वर्षाच्या मुलींना वाटतं की आपलं काम म्हणजे ऑर्डर पाळणं.

म्हणून एक करा. एखादा प्रसंग थांबवा आणि वहीत लिहा: यातलं कुठलं काम आपल्या वॉर्डात सिस्टर करतात, आणि काय दाखवायचंच राहिलंय? ती वही पोस्टिंगला जाताना न्या आणि वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना दाखवा.