जोड कुठे गेला?

तुमचा प्रश्न असा: ‘अनिश कपूर यांना एवढा मोठा शिल्पकार का मानतात? तो चकचकीत स्टीलचा गोळा तर कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल.’

तो ‘कुठलाही फॅब्रिकेटर’ म्हणजे मीच. भोसरीत माझी शेड आहे, सव्वीस वर्षं एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं काम करतोय. हॉटेलच्या किचनची टेबलं, रेलिंग, डेअरीच्या टाक्या. कलेतलं मला बेताचंच कळतं, पण पत्र्यातलं कळतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

तुम्ही ज्याला गोळा म्हणताय ते शिकागोच्या मिलेनियम पार्कातलं ‘क्लाउड गेट’. घेवड्याच्या दाण्यासारखं दिसतं म्हणून तिकडे सगळे त्याला ‘बीन’ म्हणतात. कपूरना ते नाव सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं. लांबी २० मीटर, रुंदी १३, उंची १०, वजन शंभर टनांच्या आसपास. एकूण १६८ पत्रे, जाडी साधारण १० मिलिमीटर. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ते वाकवले आणि शिकागोला आणून जागेवर जोडले.

आता गंमत ऐका. स्टेनलेसला आर्गन मारला, म्हणजे आर्गन वायू सोडून वेल्डिंग केलं, की पत्रा खेचतो, जोडाच्या कडेला बारीकसा खळगा पडतो. मॅट फिनिश असेल तर तो खपून जातो. मिरर फिनिशला, म्हणजे आरशासारख्या चकाकीला, नाही खपत. आमच्याकडे तपासायची साधी पद्धत आहे: शेडमधली ट्यूबलाइट पत्र्यात बघायची. ट्यूब सरळ दिसली तर माल पास. जोडापाशी ती जराशी जरी लचकली तरी परत बफिंगला, म्हणजे घासून चकाकी आणायला. मोठं टेबल असलं की मी गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो, ‘जोड दिसणार, साहेब.’

क्लाउड गेटचे जोडही सुरुवातीला दिसतच होते. जुलै २००४ मध्ये पार्क उघडलं तेव्हा हे काम अर्धवट होतं. मग २००५ मध्ये त्याच्यावर तंबू ठोकला आणि चोवीस जणांची टोळी घासायला बसली. सगळे जोड ओळीने मांडले तर ७४४ मीटर भरतात. आधी ४० नंबरचा खरखरीत पट्टा, मग ८०, १००, १२०, पुढे ४००, ६००, ८००, आणि शेवटी रूज (चकाकी आणायची लाल पूड) लावून बफ. मे २००६ मध्ये काम संपलं. सुरुवातीचा अंदाज होता ६० लाख डॉलरचा, शेवटी आकडा गेला २ कोटी ३० लाखांवर. (आमच्याकडे एवढा फरक पडला तर गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं करणार नाही.) शिवाय ऊन-थंडीने पत्रा ताणतो, आखडतो, म्हणून आतल्या सांगाड्याला तो घट्ट जखडलेला नाही, सरकायला वाव ठेवलाय.

मुलगी तिकडे असते. तिच्याकडे गेलो तेव्हा ती फोटो काढत होती आणि मी बीनच्या पोटाखालच्या कमानीत उभा राहून अंगठ्याचं नख पत्र्यावर फिरवत होतो. नखाला काहीच लागलं नाही. मग ट्यूबलाइटची परीक्षा: समोरच्या उंच इमारतींच्या कडा त्या पोटात कशा वाकतात ते बघत बसलो. वाकतात भरपूर, पण कुठेही तुटत नाहीत. अर्धा तास शोधून जोड सापडला नाही. कमानीखाली वर बघितलं तर पत्रा बेंबीसारखा आत गेलाय, आणि आपणच वर ओढले जाऊन वीसदा दिसतो. तिथे मात्र मी शोधायचं सोडून दिलं.

घासणारे हात कपूरांचे नव्हते, हे खरंच. जोड दिसता कामा नये, ही अट त्यांची. आणि ती फक्त त्या एका कामापुरती नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हा माणूस पन्नासेक वर्षं त्याच एका गोष्टीमागे आहे: वस्तू अशी हवी की ती कुणी केलीय असं वाटूच नये.

आपल्याकडे याला शब्द आहे, स्वयंभू. टाकीचा घाव न लागलेला देव. कपूरांच्या एका कामाचं नावच ‘स्वयंभ’ आहे. लाल मेणाचा एक अजस्र ठोकळा रुळांवरून इतका सावकाश सरकतो की हलतोय हे पटकन कळत नाही, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना दारांच्या चौकटी त्याला तासून काढतात. आकार द्यायला शिल्पकार नाही, दार आहे. चौकटींवर मेणाचे लगदे थापून राहतात. फ्रान्समधल्या नांतला आणि जर्मनीतल्या म्युनिकला २००७ मध्ये, लंडनच्या रॉयल अकॅडमीत २००९ मध्ये ते दाखवलं गेलं. मी फक्त व्हिडिओ पाहिलाय, आणि शेंदराची पुटं चढलेला आमच्या गावच्या वेशीवरचा म्हसोबा आठवला.

हे त्यांच्याकडे आलं कुठून? जन्म मुंबईचा, १९५४ चा. वडील पंजाबी हिंदू, नौदलात; आई बगदादी ज्यू, आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणायचे. म्हणजे आजोळ आमच्या पुण्याचं! डून स्कूल, मग इस्रायल. तिथे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला बसले, गणित जमेना म्हणून सहा महिन्यांत सोडलं. १९७३ पासून लंडन, आर्ट कॉलेज. १९७९ मध्ये भारतात फेरी झाली, देवळांबाहेर रंगांच्या भुकटीचे ढीग पाहिले, आणि परत गेल्यावर ‘१००० नेम्स’ ही मालिका सुरू झाली. आकारावर लाल, पिवळी, निळी भुकटी अशी भुरभुरायची की खालचा आकार कशाचा आहे ते कळत नाही, थोडी जमिनीवरही सांडलेली. हाताची खूण पुसायचं काम तिथपासूनचं. पुढे १९९० मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात ब्रिटनतर्फे, १९९१ मध्ये ब्रिटनचा टर्नर कला पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मभूषण वगैरे.

त्यांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, २०१० च्या डिसेंबरमध्ये. भारतातलं त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन तेव्हा दिल्लीत आणि मुंबईत मिळून भरलं होतं. पत्रा बघायचा म्हणून गेलो आणि अडकलो तोफेपाशी. खरोखरची तोफ, हवेच्या दाबावर चालणारी. एक माणूस येतो, लाल मेणाचा गोळा नळीत सरकवतो, आणि थांबतो. सगळे गप्प. मग धाड्‌! गोळा समोरच्या कोपऱ्यात जाऊन फुटतो, भिंतीवरून घरंगळतो. कोपऱ्यात साचलेल्या ढिगाकडे बघून माझ्या शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘अगं बाई, खाटकाचं दुकानच की.’ मला त्याहून नेमकं काही सुचलेलं नाही. इथेही कपूर कुठेच नाहीत. तोफ डागणारा कामगार, आणि बाकीचं मेण बघून घेतं.

कपूरांची पोकळीची कामंही आहेत, ती मला फोटोवरूनच माहीत. ‘डिसेंट इंटू लिम्बो’ म्हणजे जमिनीतला खड्डा, आतून इतका काळा रंगवलेला की गालिचावरचा गोल ठिपका वाटावा. २०१८ मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरात साठीतला एक प्रेक्षक त्यात पडला, अडीचेक मीटर खोल. पाठीवर निभावलं.

सगळंच मला पटतं असं नाही. लंडनच्या ऑलिंपिकसाठी केलेला ११४ मीटरचा ‘ऑर्बिट’ मनोरा म्हणजे मचाण काढायचं राहून गेल्यासारखा दिसतो. आणि व्हँटाब्लॅकचं प्रकरण तर साफ कोतेपणाचं. एका ब्रिटिश कंपनीने जवळजवळ सगळा प्रकाश गिळणारं काळं आवरण काढलं. कलेत ते वापरायचा हक्क २०१६ मध्ये कपूरांनी एकट्याने घेतला. चिडून स्टुअर्ट सेंपल नावाच्या चित्रकाराने झगझगीत गुलाबी रंग विकायला काढला, कपूर सोडून कुणालाही. कपूरांनी तो मिळवला, त्यात मधलं बोट बुडवलं आणि फोटो टाकला. आयुष्यभर स्वतःच्या हाताची खूण पुसत आलेला माणूस, आणि शेवटी दाखवलं काय, तर बोट!

तर नाही, मी करून देऊ शकणार नाही. ट्यूबलाइट सरळ दिसेल असं सहा फुटी टेबल मागा, देतो. ७४४ मीटर नाही.

नखाचं सांगताना एक राहिलं. हात बाजूला घेतला तेव्हा पत्र्यावर माझी पाच बोटं स्पष्ट उमटली होती, आसपास शेकडो लोकांची. मुलगी म्हणाली, खालचे सहा फूट रोज दोनदा हाताने पुसतात.