बॉनफायर नाइटला पहिल्यांदा जाताना

इंग्लंडमधील हा तुमचा पहिलाच नोव्हेंबर असल्यामुळे 5 तारखेची बॉनफायर नाइट खिडकीतून न पाहता मैदानावर जाऊन अनुभवावी, असे मी आग्रहाने सांगेन. 1605 साली गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांनी राजासह पार्लमेंट उडवून देण्यासाठी तळघरात बंदुकीच्या दारूची 36 पिंपे दडवली होती. तो कट फसला आणि त्या रात्री लंडनमध्ये पेटलेल्या शेकोट्यांची प्रथा आजही टिकून आहे.

ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे पाचपर्यंत अंधार पडलेला असतो. अंगात लोकरीचे कपडे घालावेत, कारण नायलॉनच्या जाकिटावर ठिणगी पडली की लगेच भोक पडते. मात्र खरी काळजी पायांची घ्यावी, कारण ओल्या गवतावर तासभर उभे राहिल्यावर थंडी तळव्यांतूनच वर चढते. फुलबाज्या हातमोजे घालूनच धराव्यात, विझल्यावर पाण्याच्या बादलीत टाकाव्यात आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत.

घरच्या बागेत शेकोटी करणार असाल, तर लाकडे आधीपासून रचून ठेवू नयेत. हेजहॉग हा काटेरी अंगाचा छोटा प्राणी हिवाळी झोपेसाठी अशाच ढिगाऱ्यात शिरतो, म्हणून त्याच दिवशी लाकडे दुसऱ्या जागी हलवून, तळाशी टॉर्च मारून पाहावे आणि मगच पेटवावे.

यॉर्कशायरमध्ये असाल, तर ओटचे पीठ, आले आणि काळा पाक घालून केलेला पार्किन हा केक अवश्य खावा. दोन-तीन दिवस मुरल्यावर तो अधिक मऊ लागतो.