आत्याबाई, त्या भिंतीमागून उठा!

गेल्या अंकात ‘गिअर्स ऑफ वॉर : रीलोडेड’ या व्हिडिओ गेमबद्दल चार ओळी लिहिल्या, त्याला सिनेमॅटिकही म्हणाले, आणि टपालात दुसरं काही येईनाच. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ गेम एपिक गेम्सचा, २००६ सालचा. आधी एक्सबॉक्स ३६०वर आला, पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर. ऑगस्ट २०२५मध्ये तो घासूनपुसून प्लेस्टेशन ५वरही आला, त्यामुळे ज्यांच्या घरात एक्सबॉक्स कधी शिरलाच नाही असे पुष्कळ कोल्हापूरकर आत्ता त्यात पडलेत. सेरा नावाच्या ग्रहावर जमिनीखालून लोकस्ट नावाच्या राक्षसांची फौज वर आली आहे, माणसं हरत चालली आहेत आणि मार्कस फिनिक्स नावाचा आडदांड सैनिक तुरुंगातून सुटून पुन्हा लढायला निघतो. कॅमेरा त्याच्या खांद्यामागं. आडोसा घ्यायचा, डोकवायचं, गोळी झाडायची.

आता पत्रं.

ताई, मी सहकारी बँकेत कॅशियर आहे, वय सत्तेचाळीस. भाचा नोकरीला पुण्याला गेला आणि प्लेस्टेशन आमच्याकडं ठेवून गेला. हा गेम मी चालू केला खरा, पण दर वेळी मरते. भिंतीमागं नीट वाकून बसते, एकेकाला टिपते, तरी कुणीतरी बाजूनं येतंच, नाहीतर बॉम्ब पायात पडतो. शनिवारी भाचा येतो आणि हसतो, म्हणतो, ‘आत्या, तू नुसती बसून राहतीस.’ लपायच्या गेममध्ये बसायचं नाही तर करायचं काय? आणि पळायला गेलं की आमचा गडी भलत्याच भिंतीला जाऊन चिकटतो. माझं वय झालंय का गेमचं चुकतंय?
– एक आत्या, मंगळवार पेठ

वय मध्ये आणू नका, आत्याबाई. नोटा मोजणारी बोटं आहेत तुमची.

भाच्याचं मात्र बरोबर आहे. पन्हाळ्याच्या तटात जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं, बघितल्या असतील तुम्ही. आतला माणूस जागेवर उभा राहून खालच्यावर मारा करतो, कारण त्याला किल्ला राखायचा असतो. तुम्ही भिंतीकडं जंगी समजून बघताय. पण या गेममध्ये तुम्ही चढाई करणाऱ्या बाजूला आहात. समोरच्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून एक-दोघं तुम्हाला समोरून गोळ्या घालून दाबून धरतात आणि तिसरा गपचूप कडेनं निघतो. एकाच भिंतीमागं जितका वेळ बसाल तितका त्या तिसऱ्याला वेळ मिळतो. बॉम्ब पडतो तोही बसलेल्या माणसाच्याच पायात.

म्हणून भिंतीमागं गेल्या गेल्या आधी बंदूक नको, पुढची भिंत शोधा. ती दिसली की दोन गोळ्या झाडा आणि तिकडं निघा. सरळ पुढं नव्हे, तिरकं. शत्रूच्या कडेला पोचलात की त्याची भिंत त्याच्या कामाची राहत नाही, तो पुरा उघडा पडतो. हे एकदा जमलं की जिथं दहा वेळा मरायचात तिथं चहा गार व्हायच्या आत पार व्हाल.

चिकटण्याचं सांगते. कंट्रोलरवरच्या क्रॉस, म्हणजे फुलीच्या, एकाच बटणावर त्यांनी चार-पाच कामं ठेवली आहेत. दाबलं की भिंतीला पाठ लावतो, दाबून धरलं की वाकून पळतो, दिशा देऊन दाबलं की कोलांटी मारतो, आडोशात असताना पुढं ढकलून दाबलं की भिंतीवरून उडी टाकतो. त्यामुळं पळताना वाटेत खांब आला की गडी खांबाचा होतो. इलाज असा, की पळताना कॅमेरा आधी मोकळ्या जागेकडं वळवायचा आणि मगच बटण दाबून धरायचं. चिकटलाच तर डावी दांडी भिंतीपासून उलटी ओढा, सुटतो. बटण पुन्हापुन्हा बडवू नका. त्यानं तो कोलांट्या मारत बसतो आणि शत्रूची करमणूक होते.

गोळ्या भरण्याकडं तुमचं लक्ष गेलंय का, हे पत्रात नाही. आर१ हे बटण दाबलं की वर कोपऱ्यात एक पट्टी येते आणि तिच्यावरून एक रेघ सरकत जाते. रेघ उजळ भागावर असताना पुन्हा आर१ दाबलं तर बंदूक झटक्यात भरते. त्यातल्या अगदी बारीक पट्ट्यावर बरोबर साधलं तर भरलेल्या गोळ्या काही वेळ जास्त जोरानं लागतात. हुकलं तर बंदूक अडकते, आणि मार्कस तिला शिव्या घालेपर्यंत तुम्ही हात बांधून उभ्या. गोळ्या भरणं म्हणजे विश्रांती, ही सवय या गेमनं मोडली, आणि मला विचाराल तर त्या सगळ्या रक्तामांसापेक्षा ही एवढीशी पट्टीच याची खरी करामत आहे. सुरुवातीला दुसऱ्यांदा दाबूच नका. हळू भरेल, पण अडकणार नाही. पट्टीची लय कानात बसली की आपोआप हात जाईल.

जीव किती उरला याचा आकडा कुठं नसतो. मार लागला की पडद्याच्या मध्यावर लाल दातेरी चक्र उमटत जातं, त्यात कवटी दिसायला लागली की मात्र खाली बसा. मार न खाता थोडं थांबलं की चक्र विरतं आणि अंग भरून येतं. बसायचं ते एवढ्याचपुरतं.

जमीन फुटून भगदाड पडतं आणि त्यातून एकामागून एक लोकस्ट बाहेर येतात, तेव्हा वर आलेल्यांना टिपत बसायचं नाही. हातबॉम्ब भगदाडात टाकायचा, ते बुजतं. नेम धरायचं एल२ बटण दाबून धरलं की बॉम्ब कुठं जाणार त्याची कमान दिसते. आणि कान उघडे ठेवा. शेवटचा शत्रू पडला की गिटारचा एक दणका वाजतो. तो वाजेपर्यंत खाली पडलेल्या बंदुका वेचायला निघू नका.

शनिवारी भाचा आला की नुसतं बघू देऊ नका, दुसरा कंट्रोलर हातात द्या. पडदा दोन भागांत वाटून दोघांना पूर्ण गोष्ट खेळता येते, एक मार्कस, एक त्याचा जोडीदार डॉम. त्याला समोर गोळ्या खाऊ द्या, तुम्ही कडेनं जा. दोघं असताना एक पडला तर दुसरा जाऊन उठवतो. हसणाऱ्याला उठवायला जरा उशिरा गेलं तरी चालतं.

आणि सुरुवातीला तुरुंगात डॉम दोन रस्ते दाखवतो. एक शिकवणीचा, एक थेट मारामारीचा. गेम पुन्हा पहिल्यापासून लावून शिकवणीचा घ्या.

गेम भारी आहे, पण पळायला लागलं की मळमळतं. मित्र म्हणतात सवय होईल. होईल का?
– एक वाचक, कागल

त्या वाकून पळण्यात कॅमेरा मुद्दाम खाली, जमिनीलगत आणून हलवलाय, युद्धाच्या बातम्यांत कॅमेरावाला सैनिकामागं पळतो तसा. बघणाऱ्याला मजा, खेळणाऱ्याच्या डोक्याला त्रास. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण सोफ्यावर आहोत. मेंदूला दोन्ही खरं धरता येत नाही आणि पोट ढवळतं. सेटिंगमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं हलणं कमी करा, मोशन ब्लर, म्हणजे हलताना चित्र पुसट करणं, बंद करा. खोलीतला दिवा लावा. टीव्हीपासून दोन हात मागं सरका, म्हणजे पडद्याभोवतीची भिंत, कपाट, कॅलेंडर असं न हलणारं काही नजरेत राहील. पहिली मळमळ आली की लगेच थांबा. तसंच रेटून खेळलात तर सवय होत नाही, गेमचा आवाज ऐकला तरी मळमळायची सवय होते.

गेममधली ती बर्सर्कर नावाची धिप्पाड राक्षसीण मरतच नाही. सगळ्या गोळ्या संपल्या. नाद सोडावा म्हणतोय.
– बारावीतला एक, राजारामपुरी

गोळ्यांनी मरणार नाही बाळा, तिची कातडी तशीच आहे. ती आंधळी आहे, हे तू विसरतोयस. ऐकते आणि वास घेते. बंद दाराच्या पुढं उभा राहा, एक गोळी झाड, ती धावत आली की कोलांटी मारून बाजूला हो. दार ती फोडेल. अशीच दारादारानं तिला बाहेर अंगणात आण. ‘हॅमर ऑफ डॉन’ हे हत्यार उपग्रहावरून किरण सोडतं, त्याला वर मोकळं आभाळ लागतं, छपराखाली ते काही कामाचं नाही. नेम तिच्यावर धरून ठेव, क्षणभर दम काढ, मग वरून पडतं. आणि बारावी आहे, हे मी वाचलं.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. वर्गातल्या सगळ्यांकडं आहे म्हणतो. घेऊन देऊ का?
– एक पालक, ताराबाई पार्क

नाही. अमेरिकेत याला सतरा वर्षांवरच्यांचा शिक्का आहे, युरोपात अठरा. बंदुकीला करवत लावलेली आहे आणि ती पडद्यावर चालते, आणखी वर्णन मासिकात नको. ‘वर्गातल्या सगळ्यांकडं’ म्हणजे साधारण दोघांकडं, तेही मोठ्या भावाचं.

तुम्ही याला सिनेमॅटिक म्हणालात. आम्ही जुनी सिनेमावाली माणसं. गोष्ट मध्येमध्ये थांबवून चित्रफीत दाखवली म्हणजे सिनेमा होतो काय?
– एक निवृत्त ध्वनिमुद्रक, शिवाजी पेठ

बाबूराव पेंटरांनी जिथं स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला, त्या गावात हा प्रश्न येणारच. चित्रफितीचं तुमचं म्हणणं मान्य. मी सिनेमॅटिक म्हणाले ते खेळ चालू असताना कॅमेरा जे करतो त्याला. तो खांद्यामागं इतका जवळ आहे की उजव्या बाजूचं दिसतं आणि डावी बाजू त्या आडदांड पाठीनं झाकली जाते. खांद्यावरचा हा कॅमेरा आधी ‘रेसिडेंट ईव्हिल ४’नं २००५मध्ये रुळवला, आणि आडोशाला चिकटून तिथूनच आंधळा, म्हणजे डोकं बाहेर न काढता, गोळीबार करायची रीत ‘किल स्विच’नं २००३मध्ये आणली. त्याचा मुख्य आखणीकार पुढं एपिकमध्येच गेला. गिअर्सनं या दोन्हींची सांगड घातली. आडोशात असताना मार्कसला कोपऱ्यापलीकडचं दिसत नाही, पण कॅमेरा मागं असल्यानं तुम्हाला दिसतं. हा फरक म्हणजे सगळा खेळ, आणि तो चौकटीचा आहे, चित्रफितीचा नाही.

एक दोषही सांगते, तुम्हाला पटेल. रिकाम्या चौकात कमरेएवढ्या भिंती, उलटलेले बाक आणि तुटके खांब व्यवस्थित मांडून ठेवलेले दिसले की पुढं मारामारी आहे हे शत्रू यायच्या आधीच कळतं. नेपथ्यकारानं गुपित फोडलं असं तुम्ही म्हणाल. आवाजाची बाजू मात्र ऐकाच. गोळी दगडावर, लाकडावर आणि चिलखतावर वेगवेगळी वाजते. नातवाला खेळू द्या आणि तुम्ही डोळे मिटून बसा.

कॉम्प्युटरवर खेळतो. वळवाच्या पावसात लाइट जाते आणि अर्ध्या तासाचं खेळलेलं पुन्हा. यूपीएस आहे, तरी बंद पडतो.
– एक टर्नर, उद्यमनगर

हा गेम वाटेल तिथं साठवत नाही, ठरलेल्या ठिकाणी आपणहून साठवतो. मध्येच लाइट गेली की शेवटच्या ठिकाणापासून पुन्हा. यूपीएसवर ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लिहिलं असेल, पण वॉटमध्ये तो साधारण साडेतीनशेच ओढतो. गेम रंगात आला की एकटं ग्राफिक्स कार्ड त्यातला मोठा वाटा खातं, वर मॉनिटर, आणि तुम्ही स्पीकरही त्यालाच जोडला असणार. शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात दर मे महिन्यात असे यूपीएस येतात, ‘खराब झालाय’ म्हणून. खराब काही नसतं, भार झेपत नाही. मोठा घ्या, आणि तो गेम संपवायला नाही, साठवणीच्या ठिकाणापर्यंत जाऊन नीट बंद करायला आहे असं समजा. मशीनवर काम करणाऱ्याला वॉटचं मी काय सांगायचं. सेटिंगमध्ये फ्रेमची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याची, कमाल मर्यादा ६०वर बांधली तर कार्ड कमी तापतं आणि कमी वीज खातं, हे मात्र करून बघा.

संपवला. आता पुढं काय?
– दोन भाऊ, कसबा बावडा

‘व्हँक्विश’, २०१०चा, प्लॅटिनमगेम्सचा, आता कॉम्प्युटरवरही मिळतो. यातही आडोसे जागोजाग आहेत, पण अंगावरच्या सूटला रॉकेट आहेत आणि गुडघ्यावर घसरत जाता येतं. जास्त ताणलं की सूट तापून ठप्प. धाकट्याला आवडेल. थोरल्याला, पत्रावरून शांत वाटला, ‘मास इफेक्ट २’. त्यात चाकासारखी यादी उघडली की लढाई जागच्या जागी थांबते, साथीदारांना हुकूम देऊन मग पुढं चालू करायची. ‘आउटरायडर्स’मध्ये भिंतीमागं बसून अंग भरून येत नाही, समोरच्याला मारलं तरच येतं, तेव्हा तो दोघांनी मिळून घ्या आणि मंगळवार पेठेतल्या आत्याबाईंना एवढ्यात सांगू नका.