आधी दोन तारांचा हिशेब कर

प्रिय मित्रा,

विशेष सापेक्षतेवर, म्हणजे प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच दिसतो या आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर, शंका घेणारं तुझं टिपण वाचलं. शंका घेण्यात गैर काही नाही. पण तुझ्या टिपणात नऊ पानं शब्द आहेत आणि आकडा एकही नाही, घोडं तिथे अडतं. चुंबकत्वाचं तुझं पर्यायी स्पष्टीकरण पुढे नेण्याआधी एक गणित हाताने सोडव.

तांब्याच्या दोन समांतर तारा घे. छेद 1 चौरस मिलिमीटर, मधलं अंतर 1 मीटर, प्रत्येकीत 1 अँपिअर. तांब्यात दर घनमीटरला 8.5×10²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे मीटरभर तारेत 13,600 कूलोम भार. तो सरकतो सेकंदाला जेमतेम 0.07 मिलिमीटर, गोगलगाय बरी! धन आयनांनी हा भार झाकला नसता, तर तारांमध्ये मीटरमागे 3.3×10¹⁸ न्यूटन बल आलं असतं. सापेक्षतेनुसार चुंबकी बल म्हणजे याच बलाचा v²/c² एवढा अंश; v हा भार सरकण्याचा वेग, c हा प्रकाशाचा. म्हणून त्याला v²/c² ने, म्हणजे 6×10⁻²⁶ ने गुण. उरतात 2×10⁻⁷ न्यूटन. 2019 पर्यंत अँपिअरची व्याख्या याच आकड्यावर उभी होती. इथे v म्हणून तारेतल्या संदेशाचा, म्हणजे जवळपास प्रकाशाएवढा, वेग घेतलास तर उत्तर पंचवीसएक शून्यांनी चुकतं, आणि ही चूक फार जण करतात. मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची जुनी समीकरणंही हाच आकडा देतात, त्यामुळे याने सापेक्षता सिद्ध होत नाही. तुझी कल्पना मात्र तपासून निघते.

प्रकाशाला उगमाचा वेग मिळतो, हे तुझं दुसरं गृहीतक भौतिकशास्त्रज्ञ रिट्झने 1908 मध्येच मांडलं होतं. पृथ्वीच्या गतीचा प्रकाशाच्या वेगावर परिणाम शोधणाऱ्या, पण तो न सापडलेल्या मायकेलसन-मोर्लेच्या प्रयोगातून ते सहज सुटतं, म्हणून फक्त त्या प्रयोगावर विसंबू नकोस. 1913 मध्ये खगोलशास्त्रज्ञ डी सिटरने एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांचा दाखला दिला (प्रकाशाला उगमाचा वेग मिळत असता तर त्यांच्या कक्षा वेड्यावाकड्या दिसल्या असत्या), पण त्यातही पळवाट आहे: वाटेतला विरळ वायू प्रकाश शोषून नव्याने सोडतो, आणि उगमाचा वेग पुसला जातो. ती वाट 1964 मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत बंद झाली. 0.99975c वेगाने जाणाऱ्या पायॉन या अल्पायुषी कणांतून निघालेले गॅमा किरण मोजले, तर त्यांचा वेग c च.

लॉरेंट्झचा ईथर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारं कल्पित माध्यम, राखायचा असेल तर खुशाल राख. त्याची रूपांतरणं (एका निरीक्षकाची वेळ-अंतरं दुसऱ्याच्या मापात बदलणारी सूत्रं) आणि आइन्स्टाइनची एकच आहेत. प्रयोगात फरक दिसणार नाही, मग त्याला नवा सिद्धांत म्हणू नकोस.

आता फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फिझोचा 1851 चा प्रयोग घे. वाहत्या पाण्यात प्रकाशाला पाण्याच्या वेगाचा 0.44 एवढाच भाग मिळतो. तुझ्या समीकरणातून तो काढून पाठव. 1 आला तर वेगांची साधी बेरीज केलीस, 0 आला तर पाण्याने प्रकाशाला जराही ओढू दिलं नाहीस.